आधी ओळखू तर दे कुणीतरी!

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मुलांना शाळेत ज्यू म्हणून काही त्रास होतो का, असं विचारलंयस. अगं, त्रास द्यायला आधी कुणाला ते कळायला तर पाहिजे ना!

धाकट्याचं नाव डॅनियल, म्हणजे ख्रिश्चन, विषय संपला. डिसेंबर आला की टीचर त्यालाच नाताळच्या कार्यक्रमात पुढे उभं करतात. त्यानं सांगितलं, टीचर मी ज्यू आहे, तर म्हणाल्या हो रे, तेच ते, जुने ख्रिश्चन. मोठीचं उलट. तिला सगळे पेणकर म्हणूनच ओळखतात, मग हिच्या घरी गणपती किती दिवसांचा असतो हा प्रश्न ठरलेला, आणि पिकनिकला पोर्क नको म्हणाली की लगेच, अय्या तुम्ही मुसलमान का? एकाच घरातली दोन पोरं बघ, आणि तीन धर्म वाटून मोकळे झाले लोक.

अंदाज चुकला याचं मला काही वाटत नाही. मुंबई-ठाण्यात आम्ही आहोतच किती, लोकांनी पाहिलेलंच नसतं. राग येतो तो पोरानं नीट सांगितल्यावरही त्यालाच समजावत बसतात ना, त्याचा. नऊ वर्षांच्या मुलानं स्वतःचा धर्म किती वेळा सिद्ध करायचा गं? 2016 ला राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण शाळेच्या फॉर्ममध्ये आम्ही अजून 'इतर'च.

आणि बाहेरचेच असं करतात असंही नाही हं. मागे सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, अमेरिकेहून एक ज्यू जोडपं आलेलं, भले होते बिचारे, पण मोठीचा सलवार-कुर्ता न्याहाळत विचारतात काय, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? सासूबाई शेजारीच होत्या, म्हणाल्या, यांना सांग, आमचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवले, पण शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, घाणा बंद म्हणजे बंद, गाव शनवार तेली म्हणायचं ते उगाच नाही. मी इंग्रजीत सांगेपर्यंत त्यांचं फोटो काढणं सुरू झालेलं.

दिराची मुलं इस्रायलमध्ये अश्दोदला वाढली, तिथे त्यांना वर्गात ऐकायला लागायचं, तू इंडियन ना, मग ज्यू कशी? म्हणजे इथे ज्यू म्हणून कुणी धरत नाही आणि तिथे गेलं तर इंडियन आहात म्हणून शंका. आधीच्या पिढीनं तर याहून वाईट पाहिलं. 1962 ला तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या, म्हणजे आमच्या मराठी ज्यूंच्या, लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासायचा फतवा काढला, आपली माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे 1964 ला हे सर्वार्थानं ज्यूच आहेत असं त्यांच्या संसदेनं जाहीर केलं. जाहीर करायला लागलं यातच आलं सगळं.

पोरं मात्र माझ्याइतकी तापत नाहीत. परवा घरी मलिदा होता, म्हणजे आमची आभाराची प्रार्थना, गुळाचे पोहे, खोबरं, वेलची, वर काजू-बेदाणे, बाजूला पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना. डॅनियलचे चार मित्र टपकले. एकानं विचारलं, हा कुठल्या देवाचा प्रसाद? हा म्हणतो, देवाचा नाही रे, आमच्या प्रेषिताचा, तू खा ना, खजूर पाहिजे का अजून? त्यानं दोन वाट्या खाल्ल्या आणि गेले खाली क्रिकेटला.

फोन रविवारी कर गं, शनिवारी मी उचलणार नाही. आणि तुझ्या आईंना गुडघ्याला आराम पडला का ते कळव.

तुझी,
एस्तेर