हायबरनेटसाठी सिक्युअर बूट बंद करायला सांगू नका

महोदय,

आपल्या संगणकविषयक सदरात एका वाचकाच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर छापलं आहे: ‘हायबरनेट चालत नसेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा.’ (हायबरनेट म्हणजे मेमरीची प्रत डिस्कवर लिहून वीज पूर्ण बंद करणारी झोप. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय.) दुरुस्तीच्या दुकानांतही हाच सल्ला सर्रास मिळतो. तो कधी कधी लागू पडतो, म्हणूनच टिकून आहे. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीने कुलूपबंद केलेली असेल तर रोगापेक्षा इलाज भयंकर अशी गत होते, आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच असते. मालकाला ते ठाऊक असो वा नसो.

आधी विंडोजचं बघू. विंडोज ११ च्या २४एच२ या २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉग इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, होम आवृत्तीवरसुद्धा. डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते आणि साधारणपणे ती सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली असते. सिक्युअर बूट बंद केलं की चिपला मशीन ओळखीचं वाटत नाही. ती किल्ली सोडत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल तर पंचाईत. अशा वेळी डिस्क फॉरमॅट करायची घाई करू नये. आधी सिक्युअर बूट पुन्हा चालू करावं. दुसरं काही बदललेलं नसेल तर चिपची खूण जुळते आणि विंडोज मुकाट्याने उघडतं.

गंमत अशी की विंडोजवर हायबरनेटसाठी सिक्युअर बूट बंद करायची मुळी गरजच नाही. मेमरीची प्रत ‘हायबरफिल.सिस’ या फाइलमध्ये लिहिली जाते. ती सी ड्राइव्हवर असते, म्हणजे बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनच्या आतच. पर्याय दिसत नसेल तर तो फक्त बंद ठेवलेला असतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडून ‘पॉवरसीएफजी /ए’ दिलं की कोणती झोप उपलब्ध आहे आणि कोणती का नाही, हे कारणासह दिसतं. मग ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’. त्यानंतर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटणांनी काय करावं’ या पानावर हायबरनेटपुढे खूण करायची. (या पत्रात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) फाइलचा आकार मुळात रॅमच्या ४० टक्के असतो. बरंच काही उघडं ठेवून हायबरनेट करताना अडखळत असेल तर ‘पॉवरसीएफजी /एच /साइज ७५’ द्यावं. विंडोजचं काम इथे संपतं.

खरा पेच लिनक्सवर आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर अनेकांनी चालते लॅपटॉप भंगारात न काढता लिनक्सवर नेले. फेडोरा, डेबियन किंवा उबुंटू यांपैकी एखादं लिनक्स, डिस्क लुक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट, सिक्युअर बूट चालू: एवढं जमवलं की हायबरनेट गायब. ‘सिस्टमसीटीएल हायबरनेट’ दिलं की साफ नकार. खात्री करायची असेल तर दोन फाइली वाचाव्यात. ‘/सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन’ या फाइलमध्ये तीन शब्द दिसतात: नन, इंटेग्रिटी, कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी. त्यातला चौकोनी कंसातला शब्द सध्या लागू असतो. कंस ‘इंटेग्रिटी’भोवती असेल तर ‘/सिस/पॉवर/डिस्क’मध्ये ‘डिसेबल्ड’ दिसेल. हा बिघाड नाही. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, जाणूनबुजून दिलेला नकार आहे.

हा लॉकडाउन (चालू कर्नलमध्ये ढवळाढवळ करू शकणाऱ्या गोष्टींवरची बंदी) मुख्य कर्नलमध्ये ५.४ या आवृत्तीत, २०१९ च्या अखेरीस आला. सिक्युअर बूट चालू दिसताच तो आपोआप लावण्याचा निर्णय मात्र मुख्य कर्नलचा नाही. फेडोरा, डेबियन, उबुंटू आपल्या कर्नलमध्ये तशी जोड घालतात. यामागचा विचार समजून घ्यावा, कारण ‘माझी डिस्क एन्क्रिप्टेड आहे, मग अडचण काय?’ हा प्रश्न इथेच चुकतो. सिक्युअर बूटचं वचन असं की सही नसलेला कोड कर्नलमध्ये शिरणार नाही, रूटने म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्याने ठरवलं तरीही. हायबरनेट झालेली प्रत स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर मेमरीसाठी राखलेल्या जागेत पडते. उठताना कर्नल ती जशीच्या तशी मेमरीत भरतो, ती आपणच लिहिली होती का हे न तपासता. रूट स्वॅपमध्ये हवी ती बनावट प्रत लिहू शकतो, कारण चालू मशीनवर लुक्सचं कुलूप त्याच्यासाठी उघडंच असतं. म्हणजे एन्क्रिप्शन चोरापासून राखतं आणि लॉकडाउन रूटपासून. शिवाय लुक्सची नेहमीची पद्धत मजकूर लपवते, तो बदललेला नाही याची हमी देत नाही. प्रतीवर टीपीएमच्या आधाराने मोहोर उठवायची, असा प्रस्ताव मॅथ्यू गॅरेट यांनी २०२१ मध्ये मांडला आणि इव्हान ग्रीन यांनी २०२२ मध्ये तो पुढे नेला, पण तो मुख्य कर्नलमध्ये गेला नाही.

इंटरनेटवर यावर दोन तोडगे फिरतात. कर्नलला ‘लॉकडाउन=नन’ द्या, हा पहिला. तो चालत नाही, कारण लॉकडाउन चढवता येतो, उतरवता येत नाही. दुसरा ‘मॉकयुटिल’ या आज्ञेने सहीची पडताळणी बंद करण्याचा. तो चालतो, पण दरवेळी सुरू होताना शिम हा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम ‘इनसिक्युअर मोड’ असं सांगतो, म्हणजे मागच्या दाराने सिक्युअर बूट बंदच केलेलं असतं.

एकट्याच्या लॅपटॉपसाठी आमच्या मते सरळ वाट एकच: सिक्युअर बूट ठेवायचं, पण सहीच्या किल्ल्या आपल्या, आणि आपोआप लॉकडाउन न लावणारा कर्नल. आर्च लिनक्सचा कर्नल असाच आहे. डेबियनवाल्यांना कर्नल.ऑर्गवरचा कर्नल स्वतः बांधून सही करता येतो, मात्र मग दर सुरक्षा-दुरुस्तीला तो पुन्हा बांधणं आपल्या गळ्यात. यात रूटपासूनचं संरक्षण जातं, हे कबूल. पण सहीच्या किल्ल्या त्याच मशीनवर, ‘/व्हार/लिब/एसबीसीटीएल’मध्ये (एसबीसीटीएल हे किल्ल्या बनवून सही करणारं साधन) असतील तर रूट तसाही काहीही सही करू शकतो. तिथे हायबरनेट अडवून काय साधणार? चोराच्या हाती लॅपटॉप पडला तर मात्र फरक पडतो. नुसत्या स्लीपमध्ये डिस्कची किल्ली रॅममध्येच राहते आणि रॅम गार करून ती वाचता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं. हायबरनेटमध्ये वीज पूर्ण जाते. उठताना कुलूप पुन्हा उघडावं लागतं.

आता क्रम. तो उलटसुलट केला की निम्मं काम दोनदा करावं लागतं. विंडोज सोबत असेल तर आधी त्याचं बिटलॉकर तात्पुरतं थांबवावं आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमध्ये सिक्युअर बूट ‘सेटअप मोड’ला, म्हणजे नव्या किल्ल्या स्वीकारणाऱ्या स्थितीला न्यावं. मग लिनक्समध्ये ‘एसबीसीटीएल क्रिएट-कीज’, त्यापाठोपाठ ‘एसबीसीटीएल एनरोल-कीज -एम’. शेवटचा ‘एम’ गाळू नये. त्याने मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रंही आत राहतात. काही मशीनवर ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा सुरुवातीचा कोड त्यांच्याच सहीचा असतो. ती काढली की पडदा काळा, आणि मग बायोससुद्धा दिसत नाही. यानंतर ‘साइन -एस’ने बूटलोडर आणि कर्नल इमेज सही करायची. ‘एस’मुळे फाइल लक्षात ठेवली जाते आणि अपडेटनंतर आपोआप पुन्हा सही होते. सिक्युअर बूट चालू करून ‘एसबीसीटीएल स्टेटस’ तपासावं.

टीपीएमने लुक्स उघडायचं असेल तर ते इथे, या टप्प्यावर: ‘सिस्टमडी-क्रिप्टएनरोल’, पीसीआर ७ (टीपीएममधली सिक्युअर बूटच्या स्थितीची नोंद), आणि सोबत पिन. किल्ल्या बदलल्या की पीसीआर ७ बदलतो, म्हणून हे आधी करून उपयोग नाही. मूळ पासफ्रेज पुसू नये. पिनचा कंटाळा करू नका. पिनशिवाय टीपीएम चोरासमोरही डिस्क उघडून देईल आणि मग हायबरनेटचा मुख्य फायदाच गेला.

मग स्वॅप. सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. १६ जीबी रॅम असेल तर १८ जीबी धरा. कर्नल प्रत रॅमच्या दोन-पंचमांश ठेवायचा प्रयत्न करतो हे खरं, पण स्वॅप आधीच थोडा भरलेला असला की तंगी होते. इन्स्टॉलरने केलेला एक-दोन जीबीचा स्वॅप कामाचा नाही. झेडरॅमही नाही: तो रॅममध्येच असतो, वीज गेली की तोही गेला. फेडोराने ३३ पासून झेडरॅमच दिला आहे, म्हणून तिकडून आलेल्यांना ‘स्वॅप आहे की’ असं वाटतं. आणि क्रिप्टटॅब या एन्क्रिप्टेड कप्प्यांच्या यादीत स्वॅपसाठी ‘/डेव्ह/युरँडम’ लिहिलेलं असेल तर दर सुरुवातीला नवी किल्ली बनते आणि कालची प्रत कायमची बंद.

एक्स्ट४ या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर) सोपं आहे. एन्क्रिप्टेड रूट (मुख्य) फाइलसिस्टिमच्या आत ‘डीडी’ने १ एमबीचे १८४३२ ठोकळे लिहून फाइल करायची, परवानगी ६००, मग ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’ आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) ओळ. नंतर ‘फाइलफ्रॅग -व्ही’ द्यावं. ‘फिजिकल ऑफसेट’ या रकान्यात शून्य क्रमांकाच्या ओळीत ‘३४८१६..’ असं काहीतरी दिसेल. दोन टिंबांच्या अलीकडचा आकडा म्हणजे ‘रिझ्यूम_ऑफसेट’, फाइल डिस्कवर कुठे सुरू होते हे कर्नलला सांगणारं पॅरामीटर. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर हा आकडा चुकीचा येतो. तिथे ‘बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल -आर’ वापरावं, आणि स्वॅपफाइल वेगळ्या सबव्हॉल्यूमवर (फाइलसिस्टिमच्या उपविभागावर) ठेवावी, कारण स्नॅपशॉट काढलेल्या सबव्हॉल्यूमवर ती चालत नाही. फाइल पुसून नव्याने केली की आकडाही नवा.

प्रत कोणत्या डिस्कवर आहे हे सांगणाऱ्या ‘रिझ्यूम=’ या दुसऱ्या पॅरामीटरपुढे लुक्स कप्प्याचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) देणं ही पेटंट चूक. द्यायचा तो उघडलेल्या आतल्या फाइलसिस्टिमचा, किंवा सरळ ‘/डेव्ह/मॅपर/रूट’ असं नाव. इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये, हुकांचा (टप्प्यांचा) क्रम असा हवा: आधी ‘एन्क्रिप्ट’, मग ‘रिझ्यूम’, मग ‘फाइलसिस्टम्स’. रूट फाइलसिस्टिम माउंट झाल्यावर (जोडली गेल्यावर) प्रत उचलली गेली तर डिस्कवरची स्थिती एक आणि मेमरीतली दुसरी, फाइलसिस्टिम नासते. इनिटरामएफएस सिस्टमडीवर (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमवर) आधारलेलं असेल तर वेगळा ‘रिझ्यूम’ हुक लागत नाही. सिस्टमडी २५५ पासून, म्हणजे डिसेंबर २०२३ पासून, प्रत कुठे आहे हे ईएफआय व्हेरिएबलमध्ये (बायोसजवळच्या नोंदीत) लिहिलं जातं, म्हणून दोन्ही पॅरामीटर गाळले तरी चालतं. आणखी एक खाच: एकत्रित कर्नल इमेज (कर्नल, इनिटरामएफएस आणि पॅरामीटर एकाच फाइलीत) वापरत असाल तर पॅरामीटर सहीच्या आत बंद असतात. सिक्युअर बूट चालू असताना बूट मेनूत ते हाताने लिहिले तरी दुर्लक्षित होतात. फाइलीत बदलून इमेज पुन्हा बांधावी.

चाचणी सगळे उघडे प्रोग्रॅम बंद करून घ्यावी. ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’मध्ये ‘डिव्हायसेस’ लिहून हायबरनेट दिलं की ड्रायव्हर झोपतात, पाच सेकंदांनी उठतात, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. इथेच अडकलं तर दोष ड्रायव्हरचा, स्वॅपचा नाही. ते जमलं की ‘नन’ लिहून खरी चाचणी. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘एनव्हिडिया-हायबरनेट’ आणि ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’ या सेवा चालू लागतात, नाहीतर उठल्यावर पडदा कचऱ्यासारखा दिसतो. मशीन उठलं पण कोरं उठलं, तर ऑफसेट किंवा यूयूआयडी चुकला. प्रत लिहून झाली पण वीज जात नाही, तर ‘/सिस/पॉवर/डिस्क’मध्ये ‘प्लॅटफॉर्म’ऐवजी ‘शटडाउन’. कर्नल अपडेट केल्यावर मात्र आधी रीस्टार्ट, मग हायबरनेट. दोन्ही ओएस असलेल्यांनी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवावं. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला ती डिस्क लिहिण्यासाठी उघडता येत नाही.

कार्यालयाने दिलेल्या किंवा अनेकांनी वापरायच्या मशीनवर यातलं काही करू नये. तिथे रूटपासूनचं संरक्षण खरोखरच हवं असतं. फेडोरा-डेबियनचा नकार तसाच राहू द्यावा, काम संपलं की मशीन बंद करावं. सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं, इतकंच.

सदरातल्या उत्तराची दुरुस्ती छापावी, निदान बिटलॉकरबद्दलचा इशारा तरी, ही विनंती.

– लिनक्स वापरणारे काही वाचक, पुणे