बर्फात जाणाऱ्या ट्रकची तयारी गावातच व्हावी

संपादक महोदय,

वरुड-मोर्शी आणि काटोलकडचा आंबिया बहराचा संत्रा डिसेंबरपर्यंत तुटतो, मृग बहराचा फेब्रुवारीपासून. बहुतेक गाड्या दिल्लीत रिकाम्या होतात. त्यांची गाठ फार तर धुक्याशी. पण जम्मूच्या पुढचं भाडं घेणाऱ्या गाडीला नागपूरवरून जाणारा 44 क्रमांकाचा महामार्गच श्रीनगरला पोचवतो. रस्ता तोच म्हणून गाडीही आहे तशीच चालेल, असं मालक धरून चालतात. वर घाटात गाडी अडकते तेव्हा दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. खरं तर निम्मी कारणं इथल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असतात.

सगळ्यात मोठं कारण रेडिएटर. मे महिन्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) कमी झालं की ढाब्यावरच्या नळाचं पाणी ओतायचं, ही आपली रीत. 30 लिटरच्या यंत्रणेतून दोनदा दहा-दहा लिटर गळून त्या जागी पाणी गेलं, तर निम्मं पाणी, निम्मं कूलंट असलेल्या मिश्रणात कूलंट 22 टक्क्यांवर येतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उणे 37 अंशांपर्यंत धोका नसतो. 22 टक्क्यांचं मिश्रण उणे 10 च्या आसपासच गोठू लागतं. नुसतंच पाणी असेल तर शून्यालाच बर्फ, आणि बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं. मग रेडिएटर फुटतो, कधी इंजिनचा ब्लॉकही तडकतो. रंग हिरवा दिसतो म्हणजे कूलंट ठीक, असं नव्हे. पातळ झालेलंही हिरवंच दिसतं. तपासायचं उपकरण हाताएवढं असतं: काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्या रेषेवर आकडा वाचायचा. ‘जास्त ते चांगलं’ म्हणून निव्वळ कूलंट भरणंही चूकच, कारण तेही उणे 13 च्या सुमारास गोठतं.

दुसरं डिझेल. टाकी गावातूनच काठोकाठ भरायची सवय इथे नडते. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टरवर बसतं, इंजिन ओढ सोडतं आणि मग बंदच पडतं. आपल्याकडचं डिझेल त्या थंडीसाठी नसतं. टाकी अशी भरावी की जम्मूला पोचेपर्यंत ती उतरलेली असेल, आणि पुढचं डिझेल तिकडेच घ्यावं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत चालणारं खास डिझेल काढलं आहे. डिझेल घट्ट होऊ नये म्हणून रॉकेल मिसळणं बीएस-6 गाडीला (नव्या प्रदूषण-नियमांच्या गाडीला) घातक. आणि टाकीखाली बोळे पेटवणं हा तर जिवाशी खेळ, तरीही तो होतो. निघताना फिल्टरमधलं पाणी काढावं, एक नवा फिल्टर जवळ ठेवावा. बीएस-6 गाडीतला यूरिया (धूर स्वच्छ करणारं द्रावण) उणे 11 ला गोठतो, पण त्याने घाबरू नये: इंजिन तापलं की तो आपोआप वितळतो. फक्त यूरियाची टाकी गळ्यापर्यंत भरू नये.

हवेच्या ब्रेकमध्ये शत्रू पाणीच. एअर टाकीत साचलेलं पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठलं की ब्रेक लागत नाहीत किंवा लागलेले सुटत नाहीत. रोज मुक्कामी टाक्यांचे ड्रेन कॉक उघडावेत. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज जुनं झालं असेल तर इथेच बदलावं. ओल्या रस्त्यावरून येऊन लगेच हँडब्रेक ओढला तर ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला चिकटून गोठतात. थांबण्याआधी हळूहळू चालवत ब्रेक थोडा-थोडा दाबून ते कोरडे करावेत. सपाट जागा असेल तर रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. चिकटलेच, तर ड्रमवर हातोडी ठोकावी. गरम पाणी ओतू नये, थोड्याच वेळात त्याचाही बर्फ होतो.

इथे 30 अंशांत भरलेली 110 पौंड हवा उणे 5 ला पंधराएक पौंडांनी उतरते, म्हणून वर गेल्यावर थंड टायरची हवा पुन्हा मोजावी. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले), गुळगुळीत टायर ओढणाऱ्या एक्सलवर, म्हणजे इंजिन फिरवतं त्या चाकांवर, नकोतच.

बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्यांबद्दल गैरसमज फार. त्या ओढणाऱ्या एक्सलच्या चाकांना लावायच्या. डमीला (नुसता भार पेलणाऱ्या एक्सलला) लावून उपयोग शून्य. माप टायरचंच हवं. चढ सुरू होण्याआधी, सपाटीवर लावाव्यात. रुतल्यावर लावणं महाकठीण. काहीशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणाव्यात, वेग 30-40 च्या वर नेऊ नये, आणि उघडा डांबरी रस्ता लागला की काढाव्यात. नाही तर साखळी तुटून मडगार्ड आणि हवेचे पाइप फाडते. एकदा तरी गावात, हातमोजे घालून लावून पाहाव्यात.

चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये उठाव घ्यावा, उताराचा गिअर उतारापूर्वीच टाकावा. घसरड्यावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) बंद हवा: तो फक्त मागची ओढणारी चाकं अडवतो आणि गाडीची शेपटी फिरते. बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा सोयीचा खरा, पण कोरड्या बोगद्यातून बाहेर पडताना तोंडाशी, पुलांवर आणि सावलीच्या वळणांवर काचेसारखा बर्फ असतो. काळाभोर ओला दिसणारा रस्ता तिथे ओला नसतो, गोठलेला असतो.

केबिनमध्ये शेगडी पेटवून काच बंद करून झोपणं म्हणजे मृत्यूला बोलावणं. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

मालाचं म्हणाल, तर संत्रं उणे दीड-दोन अंशांत गोठून आतून पिचकतं. ताडपत्रीखाली तणसाचा जाड थर हवा, विशेषतः पुढच्या आणि वरच्या बाजूला.

केबिनच्या झालरींवर आणि हॉर्नवर खर्च करणारे मालक साखळ्यांच्या एका जोडीला महाग म्हणतात. परवडत नसेल तर बाजार समितीने चार-सहा जोड्या आणि कूलंट तपासायचं एक उपकरण ठेवून अनामतीवर द्यावं. व्यापाऱ्यांनीही भाडेपावतीवर लिहावं की महामार्ग बंद असतानाचे, किंवा जड वाहनं एकाच बाजूने सोडली जात असतानाचे दिवस उशिरात धरले जाणार नाहीत. उशिराचे पैसे कापले जाणार म्हटल्यावर ड्रायव्हर पोलिसांचा निरोप येण्याआधीच गाडी काढतो.

— ट्रक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, वरुड, जि. अमरावती