जा किंवा राहा, पण माझं नाव सांगून नको

प्रिय चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

नेदरलँड्सच्या नोकरीला जावं की माझ्यासाठी इथेच राहावं, यावरचा तुझा मेसेज वाचला. "आई तू फक्त जा म्हण नाहीतर राहा म्हण, मी तसं करतो." तर मी जा पण म्हणणार नाही आणि राहा पण म्हणणार नाही. रागावले म्हणून नाही आणि अंग काढून घेतेय म्हणून तर अजिबात नाही, तुझी झोप उडालीये हे मला कळतंय आणि म्हणूनच हे एवढं लांबलचक लिहायला बसलेय, कारण फोनवर तू मधेच बरं बरं करून विषय बदलतोस.

कॉलेजात टीवायच्या मुलांना अस्तित्ववाद, म्हणजे माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो असं मानणारं तत्त्वज्ञान, शिकवताना मी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट नेहमी सांगायचे, आज तुला सांगते. 29 ऑक्टोबर 1945, पॅरिसमध्ये सार्त्रचं भाषण होतं, महायुद्ध संपून काही महिनेच झालेले, हॉलमध्ये प्रचंड गर्दी. त्यात त्याने हा किस्सा सांगितला. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता त्या काळात एक मुलगा त्याच्याकडे आला. त्याचा मोठा भाऊ 1940 च्या जर्मन हल्ल्यात मारला गेला होता, वडील जर्मनांच्या बाजूला झुकलेले आणि आईशी पटत नव्हतं, आणि ती आई आता फक्त या धाकट्याच्या आधारावर जगत होती. मुलापुढे दोन रस्ते, एक तर इंग्लंडला जाऊन फ्री फ्रेंच, म्हणजे देशाबाहेरून जर्मनांशी लढणाऱ्या फ्रेंचांच्या, सैन्यात भरती व्हायचं आणि भावाचा बदला घ्यायचा, नाहीतर आईजवळ राहायचं. त्याला पक्कं माहीत होतं की आईसाठी जे काही करू ते तिच्यापर्यंत पोचेलच, आणि सैन्यात जाण्याचं मात्र काही खरं नाही, वाटेत स्पेनमध्येच छावणीत अडकून पडू किंवा इंग्लंडला पोचूनही एखाद्या ऑफिसात फॉर्म भरत बसू. म्हणजे एकीकडे एकच माणूस पण परिणाम नक्की, दुसरीकडे अख्खा देश पण भरवसा नाही.

सार्त्र म्हणतो याला कोण मदत करणार? धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम कर, पण शेजारी कोण, लढणारा सैनिक की आई? जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नको, पण आईजवळ राहिलो तर लढणारे माझ्यासाठी साधन झाले आणि लढायला गेलो तर आई साधन झाली. मग मनाचं ऐकावं म्हणावं, तर मनातली भावना किती खरी हे आधी मोजायचं कसं? आईसाठी थांबण्याइतकं माझं तिच्यावर प्रेम आहे हे थांबल्यावरच कळतं, थांबायच्या आधी ते नुसतं बोलणं असतं. शेवटी सार्त्रने त्याला एवढंच सांगितलं, तू स्वतंत्र आहेस, निवड.

बरीच मुलं वर्गात म्हणायची मॅडम हे काय उत्तर झालं, हात झटकले त्याने. मला तसं कधी वाटलं नाही. त्याने पुढे जे सांगितलंय ते बघ, की सल्ला कोणाकडे मागायचा हेसुद्धा आपणच निवडतो. पाद्र्याकडे जाणार म्हणालास तर कुठल्या पाद्र्याकडे, जर्मनांना सामील झालेल्या की प्रतिकार करणाऱ्या? ज्याच्याकडे गेलास त्यावरून काय ऐकायचंय ते तू आधीच ठरवलेलं असतं. आता तू आठव, तू पहिला फोन न्यू जर्सीच्या मामाला केलास. कोल्हापूरच्या काकांना का नाही केलास? काका काय म्हणतील ते तुला माहीत होतं आणि मामा काय म्हणेल तेही माहीत होतं. मग मामाने जा म्हटल्यावर तुला अपराधी वाटायला लागलं आणि तू मला मेसेज टाकलास. मी तुला पकडत नाहीये रे, मी फक्त दाखवतेय की तुझं निवडणं कधीच सुरू झालंय आणि तू माझ्याकडे मागतोयस तो सल्ला नाही, सही आहे.

तुझ्या आणि त्या मुलाच्या गोष्टीत जमीनअस्मानाचा फरक आहे हे मलाही कळतं. इथे युद्ध नाही, तू नेदरलँड्सला नोकरीसाठी जाणार, सुट्टीत येशील, व्हिडिओ कॉल आहेत. पण ही गोष्ट शिकवताना मला एक कायम खटकायचं, की त्या सगळ्यात आई एक अक्षर बोलत नाही. तिला कोणी विचारलंच नाही. म्हणून मी बोलतेय.

तू गेलास तर मला एकटं वाटेल. बाबा गेल्यापासून तू महिन्यातनं दोनदा पुण्याहून येतोस त्याची सवय झालीये, ती मोडेल तेव्हा त्रास होईल. शुगर आहे, गुडघे आहेत. हे सगळं खरं आहे आणि तुझ्यापासून लपवणार नाही, कारण लपवलं तर तू अर्धवट माहितीवर ठरवशील. पण ही परिस्थिती झाली, तिच्यातनं निर्णय आपोआप निघत नाही. सार्त्रच्या 1943 च्या मोठ्या ग्रंथात आत्मवंचनेवर जे आहे ते मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, की माणूस स्वतःला एखादी वस्तू समजायला लागतो, मी काय करणार, मी असाच आहे, माझी परिस्थितीच अशी आहे, आणि खरं तर त्याला आतून माहीत असतं की तो निवडू शकतो. "मी एकुलता एक मुलगा, मला जाता येत नाही" हे तू लिहिलेलं वाक्य मला टोचलं ते यामुळेच. जाता येतं. तुला जायचं नसेल तर तसं म्हण, ते चांगलंच आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि एकुलता एक मुलगा म्हणतोस तेव्हा ताईचं काय? ती लग्न होऊन बंगळूरला गेली तेव्हा आईला टाकून गेली असं एकही माणूस म्हणालं नाही, तिने जावं हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि तू राहावंस हेही तसंच गृहीत धरतात. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारने 1949 मध्ये बायकांबद्दल जे लिहिलं, की बाई जन्मत नाही, ती घडवली जाते, ते मुलग्यांनाही थोडं लागू होतं असं मला वाटतं. गृहीत धरलेल्यातलं काय उचलायचं आणि काय खाली ठेवायचं हे तुला ठरवावं लागेल.

बोव्हारचंच अजून एक. तिच्या 1944 च्या एका छोट्या पुस्तकात वाहून घेण्याबद्दल लिहिलंय. मी तुझ्यासाठीच जगले असं म्हणणारा माणूस समोरच्यावर केवढी सत्ता गाजवत असतो हे तिने फार नेमकं पकडलंय. मला तसली आई व्हायचं नाहीये, आणि तूही तसला मुलगा होऊ नकोस. आज तू माझ्यासाठी थांबलास असं मनात धरून ठेवलंस तर उद्या ऑफिसात कोणाचं प्रमोशन झालं, मित्राने तिकडे घर घेतलं, की प्रत्येक वेळी ते बिल माझ्या नावावर फाटेल, तू तोंडाने बोलणार नाहीस पण मला तुझ्या चेहऱ्यावर दिसेल. थांबायचंच असेल तर तुला इथे राहायचंय म्हणून थांब. मग आपण दोघं सुखात भांडू.

सार्त्रचं सगळंच मला पटतं असं नाही. एक माणूस निवडतो तेव्हा तो सगळ्या मानवजातीसाठी निवडतो असं तो त्या भाषणात म्हणाला, ते मला कधीच झेपलं नाही, इतकं ओझं एका माणसावर टाकू नये. आणि माणूस कुठल्याही परिस्थितीत पूर्ण स्वतंत्र असतो हे त्याचं सुरुवातीचं म्हणणं, ज्याच्या घरात दोन वेळचं नाही त्याला ते ऐकवून बघावं. त्यालाही पुढे ते जाणवलं. 1969 च्या एका मुलाखतीत तो म्हणाला की आपलं जुनं लिखाण वाचून आपल्यालाच धक्का बसला, यावर खरंच विश्वास होता का आपला. तरी त्याने एक गोष्ट सोडली नाही, की परिस्थितीने माणसाला घडवलं तरी त्या घडलेल्याचं तो पुढे काय करतो याची जबाबदारी त्याच्यावरच राहते, आणि स्वातंत्र्य म्हणजे तेवढीच छोटीशी हालचाल. हा म्हातारा सार्त्र मला तरुण सार्त्रपेक्षा जास्त जवळचा वाटतो. तुझ्याकडे ती हालचाल करायला भरपूर जागा आहे. शिक्षण आहे, हातात दोन चांगल्या नोकऱ्या आहेत, पाठीवर कर्ज नाही. बऱ्याच जणांना एवढी मिळत नाही.

आणि हे पण माहीत असू दे, की विद्यार्थ्याला निवड म्हणून सांगणारा सार्त्र स्वतः काय करत होता. तो तान्हा असतानाच वडील गेले होते, आईने वाढवलं. तिचा दुसरा नवरा 1945 मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी हा चाळिशीतला जगप्रसिद्ध माणूस आईबरोबर राहायला गेला, पॅरिसमध्ये रू बोनापार्तवर, आणि त्या घरावर बॉम्बहल्ले होऊन 1962 मध्ये ते सोडावं लागेपर्यंत तिथेच होता. यातून तू थांबावंस असं मी सुचवतेय असं समजू नकोस. आईजवळ राहणं हेसुद्धा स्वतंत्र माणसाचं राहणं असू शकतं एवढंच, मित्रांत काही बोललं जात असेल तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुला ही जी धडधड होतेय, रात्री तीनला उठून पगाराचे हिशोब करतोस, त्याबद्दल डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने 1844 मध्येच लिहून ठेवलंय. उंच कड्यावर उभं राहिलं की चक्कर येते, तशी माणसाला स्वतःच्या स्वातंत्र्याची चक्कर येते असं तो म्हणतो. म्हणजे ही धडधड होतेय म्हणून तू चुकीच्या रस्त्यावर आहेस असं नाही, दोन्ही रस्ते खरोखर उघडे आहेत म्हणून ती होते. पत्रिका दाखवू का म्हणून विचारलंस. दाखव हवं तर, पण ज्योतिषी काहीही म्हणाला तरी त्याचा अर्थ तूच लावणार आहेस. आणि काहीच न ठरवता तारीख जाऊ दिलीस तर तेही निवडणंच आहे, नंतर नशिबाने गेलं म्हणायचं नाही.

आता माझं. गुडघ्याचं ऑपरेशन मी दिवाळीनंतर करून घेणार आहे, मावशी येऊन राहणार आहे, तिच्याशी बोलणं झालंय. तू इथे असलास तरी हे असंच होणार. साताऱ्याचं घर सोडून मी कुठे येणार नाही, पुण्यालाही नाही आणि तिकडेही नाही, त्याचे जे काही त्रास होतील ते माझे. हे मी माझ्यासाठी ठरवलंय, तुझ्या हिशोबात कुठल्याच बाजूला धरू नकोस.

कंपनीला कळवायची तारीख जवळ आलीये. आधी त्यांना कळव आणि मग मला फोन कर. उलटं करू नकोस.

तुझी,
आई