अण्णांची पत्र्याची पेटी

कोल्हापूर, रविवार

प्रिय सुधाकर,

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय. गेले दोन महिने मी रोज पहाटे मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं ऐकतोय, आणि दर वेळी तुझे अण्णा आठवतात. मंगळवार पेठेतल्या तुमच्या माडीवर रविवारी ते ग्रामोफोन लावायचे. "दोन मिनिटं बसा की रे पोरांनो," म्हणायचे. आपण बॅट घेऊन जिना उतरलेलो असायचो. एकदाही बसलो नाही मर्दा. फार लागतंय ते आता.

सुरुवात झाली ती करवीर नगर वाचन मंदिरात. रिटायर झाल्यापासून दुपारी तिथंच असतो. गोविंदराव टेंब्यांनी लिहिलेलं अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र हाती लागलं. देवल क्लबजवळच्या खाँसाहेबांच्या पुतळ्यावरनं आपण किती वेळा सायकली हाणल्या असतील! शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवल्या, खासबाग मैदान बांधलं, हे आपल्याला पाठ. पण त्याच महाराजांच्या पदरी हा एवढा मोठा गवई होता, आणि १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी मुंबई गाठली, हे मला साठीत कळलं.

त्याहून मनात रुतली ती त्यांच्या आवाजाची गोष्ट. तरुणपणी एका संस्थानात रात्रंदिवस गावं लागलं आणि आवाज बसला. पूर्वीसारखा तो परत कधी आला नाही. दुसरा कुणी गाणं सोडून घरी बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी घडवली. त्या पेचदार, वळणं घेत जाणाऱ्या ताना तिथल्या. तेवढं वाचलं आणि पुस्तक मांडीवर तसंच ठेवून किती तरी वेळ बसून राहिलो.

पण ऐकायचं कुठं? खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी नाही. मग शिष्यांच्या गळ्यातच ते शोधायचे. मन्सूर आधी त्यांच्या मुलाकडं, मंजीखाँकडं शिकले आणि १९३७ साली मंजीखाँ गेल्यावर धाकट्या भुर्जीखाँकडं. भाच्यानं मन्सूरांनी गायलेला 'संपूर्ण मालकंस' नावाचा राग आणून दिला. नुसता मालकंस म्हणजे पाच सूर, रिषभ-पंचमाला तिथं जागा नाही, एवढं आपल्याला भजनी मंडळामुळं ठाऊक होतं. इथं ते दोन्ही सूर येतात. पंचम पहिल्यांदा आला तेव्हा मी दचकून उठून बसलो. आता पुन्हा पुन्हा त्याचीच वाट बघत ऐकतो. तान संपली असं वाटतं तिथं ती वळते, श्वास कुठं घेतला ते कळत नाही, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशी अलगद येते की हात आपोआप मांडीवर पडतो. तेव्हा मला पुस्तकातलं ते पान आठवतं. बसलेल्या आवाजातून हे निघालं!

खाँसाहेबांच्याच शिष्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवी तर तू आजच ऐक. 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटं. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात ही आहे. त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. आपण तेव्हा सहावीत होतो, आणि माडीवर अण्णांच्या ग्रामोफोनवर कदाचित हीच भैरवी लागत असेल. नक्की सांगता येत नाही, कारण आपण खाली खेळत होतो.

म्हणूनच विचारतो. अण्णांची ती तबकड्यांची हिरवी पत्र्याची पेटी कुठं आहे? काकूंनी माळ्यावर ठेवली होती, एवढं मला आठवतं. घर विकताना ती पुण्याला नेलीस ना? भंगारात दिली नसशील, अशी देवाजवळ प्रार्थना आहे. असेल तर उघड, पण तबकड्या एकावर एक रचू नकोस, वाकतात. उभ्या ठेव. ओल्या फडक्यानं पुसू नकोस. वरची नावं मला एका कागदावर उतरवून पाठव, पुसट असली तरी.

आणि दसऱ्याला पेटी घेऊनच ये. इथं एका ओळखीच्यांकडं चालू स्थितीतला ग्रामोफोन आहे, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास