सुलेमानियाहून दिग्याला

प्रिय दिग्या,

तब्येत बरी आहे, थंडी मात्र हाडात शिरते. स्मारकं नक्की कुणाची यावरून हॉस्टेलच्या गच्चीवर आपण पहाटेपर्यंत भांडायचो, आठवतं? ते भांडण इथे येऊन पुन्हा पेटलंय, आणि समोर तू नाहीस.

इथे, इराकी कुर्दिस्तानातल्या या शहरात, 'अम्ना सुराका' म्हणून संग्रहालय आहे. सद्दामच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग होता हा. 1991 च्या मार्चमध्ये उठाव झाला, तेव्हा कुर्दांनी तो ताब्यात घेतला. भिंतींवरची गोळ्यांची भोकं अजून तशीच आहेत. आत एका लांबट दालनात दोन्ही बाजूंना आरशांचे तुकडे लावलेत, 1,82,000. अनफाल, म्हणजे सद्दामने कुर्दांच्या संहारासाठी चालवलेल्या मोहिमेत मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक. वर मिणमिणते दिवे, उद्ध्वस्त गावांचे. शाळेची सहल आली होती. एक मुलगी एका तुकड्यात बघून केसांची पिन नीट करत होती. बाई तिला रागावल्या नाहीत. मला तिथून हलवेना रे.

ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेचा मृतांचा अंदाज मात्र 50,000 ते 1,00,000 चा आहे. लगेच 'आकडा फुगवलाय' म्हणून उड्या मारू नकोस. ज्यांना ट्रकमध्ये कोंबून वाळवंटात नेऊन पुरलं, त्यांची खानेसुमारी कोण करणार होतं? चार देशांत विभागलेल्या, स्वतःचं राज्य नसलेल्या लोकांनी तो आकडा घट्ट धरला तर मी त्यांना दोष देणार नाही.

माझी झोप उडवलीय ती हलब्जा या इथल्या कुर्द गावाने. 16 मार्च 1988 ला तिथे सद्दामच्या फौजेने सोडलेल्या विषारी वायूने सुमारे 5,000 माणसं मेली. 2003 मध्ये मोठं स्मारक झालं. दरवर्षी कुर्द पुढारी येत, परदेशी पाहुण्यांना फिरवत, भाषणं ठोकून निघून जात. गावात रस्त्यांची, पाण्याची बोंब तशीच. शेवटी 2006 च्या 16 मार्चलाच गावकऱ्यांनी ते स्मारक पेटवलं. गोळीबार झाला, एक पोरगा गेला. ज्यांची माणसं वायूने मेली त्यांनीच, दिग्या!

स्मारक पुन्हा उभं राहिलं हे चांगलंच झालं, यावर मी ठाम आहे. कुर्दांना ते हवंच. पण त्या दुःखावर पहिला हक्क हलब्जाचा, कुर्दिस्तान नंतर. घरच्यांना डावलून राष्ट्र उभं करायचं कशाला? आता तू म्हणशील, 'हेच तर मी गच्चीवर सांगत होतो.' नाही, तू स्मारकंच नकोत म्हणत होतास!

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? दुकानाचं काय ठरलं? पिंकीला आशीर्वाद.

पत्रच लिही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझा,
अव्या