खारेपाटाचा इतिहास दप्तरखान्यात कुजतोय

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला. आमच्या गावाचा इतिहास लिहितो आहे. खाडी अडवून ज्यांनी बांध घातले, बांधाला खांड (भगदाड) पडली की रात्री-अपरात्री चिखलात उतरून ती बुजवली आणि पिकलेल्या भातातला मोठा वाटा खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, खळ्यावर नेऊन ओतला, त्या कुळांचा.

इथल्याच चरी गावातून 1933 साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाकारल्या, आणि हे 1939 पर्यंत चाललं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडलं. नेत्यांची नावं पुस्तकांत मिळतात. पण सहा वर्षं ज्या घरांनी शेत ओसाड ठेवून लाकूडफाटा विकला, त्या घरांत तेव्हा कोण होतं, कोण वारलं, कोणाच्या नावची जमीन पुढे कोणाकडे गेली, हे फक्त महसुली दप्तरात आहे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, आणि जुन्या फेरफारांत, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदींत.

ती पाहायला एका कार्यालयात गेलो तर विचारलं, ‘तुम्ही वारस आहात का? गट नंबर काय?’ इतिहासासाठी अर्ज कसा करायचा, हे कुणी सांगितलं नाही. कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. नंतर एका सज्जन कारकुनाने एक कोतवाल बुक दाखवलं. शिवण सुटलेली, पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. मोडीतली मृत्यूची नोंद अर्धी वाचता आली. मयताचं नाव होतं त्या जागी वाळवीने भोक पाडलं होतं. कोकणातला पाऊस आणि खारी हवा कागदाला फार वर्षं देत नाही.

हे काम सरकारला जमतं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचक बसवून राज्यभर अशीच दप्तरं चाळली गेली. त्या वेळी स्कॅन झालेली पानं गाववार लावून सर्वांना खुली करा. उरलेल्यांचं स्कॅनिंग खारेपाटापासून सुरू करा. प्रत्येक तहसिलीत आठवड्यातून एक दिवस अभ्यासकांना दप्तर पाहू द्या, आणि मोडी शिकलेल्या आमच्या मुलांना त्या वाचनाचं मानधन द्या.

एवढा आदेश येत्या पावसाळ्याआधी निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
खारेपाटातील एक रहिवासी
ता. अलिबाग, जि. रायगड