किल्ला तलावाजवळच्या रिक्षावाल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय अक्का, गिऱ्हाईक म्हटल्यावर न्यायचंच की" म्हणता आणि बाबांच्या गुडघ्याची चौकशी सुरू करता. दोनदा असं झालं. म्हणून आता लिहूनच काढते. तुमची सून चंदगडकडची, मराठी वाचणारी, तिला वाचून दाखवायला सांगा. आणि हे चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चारचौघांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या ऑगस्टात मी मुलाला घेऊन पुण्याहून बेळगावजवळच्या येळ्ळूरला आले होते. मुलगा नववीत. त्याला बेळगाव म्हणजे आजोबांचं घर, कुंदा आणि परतीची गाडी, एवढंच ठाऊक. म्हणून मी दोन दिवसांची गाडी ठरवली होती. एक दिवस शहर, दुसऱ्या दिवशी गोकाकचा धबधबा. बाबांनाही न्यायचं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, उद्यमबागच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं वाळूचे साचे करणारे मोल्डर, आणि इथून जेमतेम साठ किलोमीटरवरचा गोकाकचा धबधबा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. आठवड्याची एक सुट्टी, ती शेतात जायची. आम्हा तिघा भावंडांना शाळेच्या सहलीला मात्र त्यांनी न चुकता पाठवलं होतं.

गाडीवाल्यानं सकाळी सातला किल्ला तलावाजवळ बोलावलं होतं. आम्ही येळ्ळूरची पहिली बस धरून आलो. झिमझिम पाऊस, समोर तलाव, वर तो 110 मीटरचा झेंड्याचा खांब ढगात गेलेला. साडेसात झाले, आठ झाले. फोन केला तर "दुसरं बुकिंग आलं मॅडम" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. बाबा छत्रीखाली कठड्यावर बसलेले. "चल परत, पाऊसच आहे," म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ठरलेलं मोडायची त्यांना इतकी सवय झालेली आहे, हे त्या क्षणी मला फार लागलं.

तेव्हा तुम्ही रिक्षा थांबवलीत. इतर रिक्षावाले "कुठं जायचं?" विचारतात. तुम्ही बाबांच्या हाताकडं बघितलंत. मनगटापासून कोपरापर्यंतचे ते पांढरे ठिपके बघून विचारलंत, "फाउंड्रीत होतासा काय?" बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही खाली उतरून त्यांच्या कानाशी पुन्हा विचारलंत. तुमचे थोरले भाऊ फाउंड्रीत होते, त्यांच्याही हातावर असेच डाग होते, असं सांगितलंत. वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडतात त्याचे ते डाग. मी लहानपणापासून ते बघत आले, पण परक्या माणसाला ते वाचता येतात हे मला माहीत नव्हतं.

मग सगळा दिवस तुम्हीच ठरवलात. आधी किल्ल्यात नेलंत. कमल बस्तीत बाबा बराच वेळ उभे राहिले. रट्ट राजांच्या काळातली, 1204 सालची ती जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आणि छताला उलटं उमललेलं दगडी कमळ. काळ्या खांबांवरून हात फिरवत बाबा नातवाला म्हणाले, "आम्ही आधी पोकळी करतो, मग त्यात भरतो. ह्यानं भरलेल्यातनं काढत काढत हे केलंय. हात चुकला तर दगड वाया. आमची साच्याची पेटी चुकली तर वाळू परत मळायची." मुलानं मोबाइल खिशात ठेवला. आजोबा असं बोलतात हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. मीसुद्धा.

टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी आपण पाचच मिनिटं थांबलो, पाऊस वाढला होता. 1924 च्या डिसेंबरात इथं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते त्यांच्या आयुष्यात फक्त याच एका अधिवेशनाचे, आणि जमलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खणली, एवढं तुम्ही मुलाला सांगितलंत. पुढं रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. तिसऱ्या गेटापाशी बाबा ताठ होऊन बसले. येळ्ळूरहून सायकलनं येताना गेट पडलेलं असलं की हजेरीला उशीर, आणि उशीर म्हणजे अर्धा दिवस कापला. ते गेट त्यांच्या अंगात बसलेलं आहे.

खरं सांगते अण्णा, उद्यमबाग माझ्या यादीत नव्हतं. पाहुण्यांना कारखाने कोण दाखवतं? आपण देऊळ दाखवतो, तलाव दाखवतो, खडे बाजारात नेतो. पण हे शहर उभं कशावर आहे? पंपांची, व्हॉल्व्हची, मोटारींच्या भागांची कास्टिंगं, म्हणजे लोखंडाचे ओतीव तुकडे, इथून देशभर जातात, हायड्रॉलिक्सचं काम इथं होतं. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमध्ये आजूबाजूच्या गावांतली हजारो माणसं रोज खपतात. मी त्यातल्याच एकाची मुलगी, आणि शहर दाखवायच्या यादीत मी बाबांचं काम धरलंच नव्हतं.

ज्या फाउंड्रीच्या दारात तुम्ही रिक्षा उभी केलीत, तिथल्या वॉचमननं आधी नाहीच म्हटलं. तुम्ही आत गेलात. काय बोललात ते कळलं नाही, पण दहा मिनिटांनी एक तरुण सुपरवायझर तीन हेल्मेटं घेऊन बाहेर आला आणि "पंधरा मिनिटं हं काका, पिवळ्या पट्टीच्या अलीकडनं" म्हणाला.

आत गेल्यावर बाबा भट्टीकडं गेले नाहीत. ते वाळूच्या ढिगाशी गेले. वाकायला त्रास होतो, तरी वाकले. मूठभर काळी वाळू घेतली, आवळली, मूठ उघडली. वाळूच्या गोळ्यावर चारही बोटांचे ठसे उमटलेले. मग तो गोळा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मधोमध मोडला आणि मोडलेली कड डोळ्यांजवळ नेऊन बघितली. कड ढासळली नव्हती. "चांगली वाळू ठेवलीय," म्हणाले. त्या पोराचा चेहरा असा फुलला, जणू साहेबांनी पाठ थोपटली. बाबा नातवाला समजावू लागले. पाणी जास्त झालं तर तापलेल्या लोखंडानं वाफ होते आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. कमी झालं तर पेटीची कड ढासळते. बरोबर किती ते मुठीला कळतं. आता यंत्र सांगतं, त्यांच्या वेळी मूठच सांगायची.

तेवढ्यात ओतायला सुरुवात झाली. बाबांच्या वेळी क्युपोला, म्हणजे कोकवरची उभी भट्टी होती, आता विजेची भट्टी. पण लोखंड ओतायचा मोठा पळा, लेडल, तोच, आणि तेराशे अंशांच्या वरचं ते नारिंगी लोखंडही तेच. धार पेटीच्या तोंडात गेली, कडेनं निळ्या ज्वाळा उठल्या, जळक्या वाळूचा वास आला. तो वास मला एकदम ओळखीचा वाटला. बाबा घरी आले की शर्टाला हाच वास असायचा, आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. मुलानं विचारलं, वर हा जादा तुकडा कशाला ठेवलाय? बाबा म्हणाले, "तो रायझर. लोखंड थंड होताना आकसतं. आकसलं की त्याला तहान लागते. त्याला पाजायला वर साठा लागतो, नाहीतर ते आतून पोकळ राहतं."

निघताना त्यांनी एका थंड झालेल्या कास्टिंगवर छोटी हातोडी मारली आणि दुसरा तळवा त्यावर टेकवला. चांगलं कास्टिंग खणकन वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. त्यांचे कान त्या शेडमध्येच गेले. आता ते हातानं ऐकतात.

परत येताना रिक्षात कोणी काही बोललं नाही. तुम्ही आरशातून बघत होतात, पण तुम्हीही बोलला नाहीत. त्या गप्प राहण्याबद्दलही तुमचे आभार मानायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मेव्हण्यांची ओमनी घेऊन थेट येळ्ळूरला दारात आलात. पुढच्या सीटवर उशी ठेवलेली, बाबांच्या गुडघ्यासाठी. ही उशी घ्यायला मला सुचलं नव्हतं. हायवेला लागल्यावर यमनापूरजवळचा हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना दाखवलात, पुढं काकती आलं तेव्हा गाडी हळू करून "कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर" एवढंच म्हणालात.

गोकाकला उतरलो तर आधी धबधबा दिसलाच नाही, नुसती जमीन हलल्यासारखी वाटली. मग दिसला. तांबूस, मातकट पाणी, घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून 52 मीटर खाली कोसळणारं. घटप्रभा ही चंदगडकडच्या घाटातून येते आणि वर हिडकलच्या धरणातून पाणी सोडलं की धबधबा असा भरतो, असं तुम्ही सांगितलंत. काठावर महालिंगेश्वराचं जुनं दगडी देऊळ आणि शेजारी ती सूतगिरणी. सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी. याच पडत्या पाण्याच्या जोरावर तिची यंत्रं फिरली. बाबांनी धबधब्याकडं बघितलं, मग गिरणीकडं, मग परत धबधब्याकडं. "पाणी कामाला लावलंय," म्हणाले. आम्ही सगळे फोटो काढत होतो, त्यांना त्या पाण्यातलं काम दिसत होतं.

तो झुलता पूल साधारण 200 मीटर लांब, गिरणीच्या कामगारांच्या येण्याजाण्याचा. बाबांना त्यावर चालणं शक्य नव्हतं. तुम्ही त्यांना एका बाजूनं धरून पुलाच्या तोंडापर्यंत नेलंत. ओल्या दगडांवरून, एकेक पाऊल. तिथं त्यांनी पुलाच्या जाड तारेवर तळवा ठेवला, आदल्या दिवशी कास्टिंगवर ठेवला होता तसाच. डोळे मिटले. मी घाबरले, चक्कर आली की काय. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि तुम्हाला म्हणाले, "ऐकू येऊलाय की!"

तुम्ही पण तारेवर हात ठेवलात. मग माझ्या मुलानं ठेवला. मग मी. सगळी तार थरथरत होती.

किती वेळ उभे होतो ते मला आठवत नाही. अंगावर तुषार येत होते, तुम्ही तुमचा टॉवेल बाबांच्या डोक्यावर टाकलात आणि स्वतः भिजत राहिलात.

गोकाकात करदंट घेतला, तोही तुमच्या ओळखीच्या दुकानातून, डिंक जास्त घातलेला, कारण बाबांच्या हाडांना बरा. जेवताना तुम्ही आणि बाबा कुठल्या भाषेत बोलत होतात ते मी मुद्दाम ऐकत होते. तुमच्या घरची कन्नड, आमच्या घरची मराठी. बाबा पेटी, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा), लेडल हे शब्द तुमच्या भावांनी वापरले असतील तसेच वापरत होते आणि मध्येच कन्नड वाक्यं टाकत होते. त्यांना इतकं कन्नड येतं हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. "शेडमध्ये शेजारी उभा राहणारा कन्नडच होता," म्हणाले, "लेडल दोघांनी धरायचा असतो." या सीमेवर भाषेवरून काय काय झालंय ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्याबद्दल इथं लिहीत नाही. पण ते वाक्य मी मुलाला वहीत लिहून ठेवायला लावलंय.

संध्याकाळी हिशेब करताना तुम्ही पेट्रोल आणि दोन दिवसांची मजुरी, एवढंच घेतलंत. मी जास्त दिले ते मोजून परत दिलेत. मला वाईट वाटू नये म्हणून वरचे दहा रुपये मात्र ठेवून घेतलेत, चहाला.

त्यानंतर बाबांत काय फरक पडला ते तुम्हाला कळायला हवं. ते नातवाशी फोनवर बोलतात. आधी "जेवलास काय" आणि "अभ्यास कर" एवढंच असायचं. आता ओरडून ओरडून का होईना, दर रविवारी अर्धा तास. मुलगा विचारतो, ते सांगतात. कोअर कशी भाजायची, पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, खऱ्या मापापेक्षा किंचित मोठा का करायचा. मागच्या महिन्यात मुलानं शाळेत वाळूचा साचा करून त्यात मेण ओतून दाखवलं. त्याची कड ढासळली. आजोबांनी फोनवरच कारण सांगितलं, पाणी कमी पडलं म्हणून.

अण्णा, ओमनीच्या मागच्या सीटखाली बाबांची काठी राहिलीय. तुम्ही पोचवतो म्हणालात, पण एवढ्यासाठी वेगळी फेरी मारू नका. दिवाळीला आम्ही येतोय, तेव्हा घरच्यांना घेऊन येळ्ळूरला जेवायला या. आमच्या शेतातला बासमती तोवर घरात आलेला असेल, आणि बाबांनी आईला आत्ताच सांगून ठेवलंय की पहिला भात तुमच्या ताटात वाढायचा.

तुमची,
येळ्ळूरची अक्का